हप्ता थकला की पुढे काय होतं?

आज कर्जाविषयी बोलायचंय, पण कर्ज कसं मिळतं याविषयी नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. चाकणच्या चौकात दहा मिनिटं उभं राहिलात तरी चार जण हातात चिठ्ठी देऊन जातील. आज बोलायचंय ते हप्ता चुकल्यावर काय होतं याबद्दल. हे आधी कुणी सांगत नाही, आणि चुकल्यावर विचारायची लाज वाटते. मग दारात माणूस उभा राहिला की तो जे सांगेल तेच खरं वाटायला लागतं.

आपल्या महाळुंग्यात आणि आसपास, म्हणजे निघोजे, खालुंब्रे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यात, कर्जाचे प्रकार ठरलेले आहेत. कारखाने आल्यावर कामगारांना राहायला जागा हवी झाली. घरापुढच्या मोकळ्या जागेत आपण चार-सहा खोल्या बांधल्या, त्यासाठी कर्ज काढलं, आणि ठरवलं की भाड्यातून हप्ता जाईल. दुसरं कर्ज गाडीचं. कंपनीत माल नेणारा टेम्पो, नाहीतर कामगारांची ने-आण करणारी गाडी. तिसरं गटाचं, मायक्रोफायनान्सचं, आठवड्याला किंवा पंधरवड्याला फेडायचं. आणि चौथं, ज्याबद्दल घरातही मोठ्याने बोलत नाहीत, ते सावकाराचं. पहिल्या तिन्ही कर्जांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, कंपनीच्या कामात. कंपनीने पाळी कमी केली, कंत्राटी पोरांना थांबवलं, की खोल्या रिकाम्या होतात, टेम्पो उभा राहतो आणि नवऱ्याचा जादा कामाचा पैसाही बंद होतो. एकाच महिन्यात तिन्ही हप्ते अडतात. म्हणून हे आधी समजून घेतलेलं बरं.

सुरुवात तारखेपासून करू. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर संध्याकाळी खातं 'थकीत' म्हणून नोंदलं जातं. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस अशा तीन पायऱ्या रिझर्व्ह बँकेने ठरवून दिल्या आहेत. समजा ५ जूनचा हप्ता राहिला. ५ जुलैला पहिली पायरी ओलांडली, ४ ऑगस्टला दुसरी, आणि ३ सप्टेंबरला खातं 'एन.पी.ए.' झालं. बँकेची माणसं बोलताना 'खातं एन.पी.ए.ला गेलं' म्हणतात ते हेच. पीककर्जाचं गणित वेगळं आहे, तिथे दिवस नाही, हंगाम मोजतात.

यात एक गोष्ट बायकांची नेहमी गफलत करते. जूनचा हप्ता राहिला, पण जुलैचा भरला, ऑगस्टचा भरला. मग वाटतं की एकच तर राहिलाय. तसं नसतं. तुम्ही भरलेले पैसे आधी सगळ्यात जुन्या थकबाकीत जमा होतात. जुलैला भरलेला हप्ता जूनच्या नावे पडतो आणि जुलैचा उघडा राहतो. म्हणजे कायम एका हप्त्याने मागे. खातं तीस दिवसांच्या आसपास घोटाळत राहतं आणि दर महिन्याला दंड लागतो. आणि खातं एकदा एन.पी.ए. झालं, की दोन-चार हजार भरून ते सुधारत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय की व्याज आणि मुद्दल मिळून सगळी थकबाकी भरली तरच खातं परत नियमित धरायचं. म्हणून जी काही धडपड करायची ती नव्वदच्या आत करायची. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी भरलेले पाच हजार आणि पंच्याण्णवाव्या दिवशी भरलेले पाच हजार, यात फार फरक आहे.

आता दंड. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो. खात्यात पैसे नसले की आपली बँक परताव्याचा आकार लावते आणि कर्ज देणारी संस्थाही लावते, म्हणजे दोन्हीकडून मार. त्याशिवाय उशिराचा दंड. पूर्वी हा दंड व्याजात मिसळायचे आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ते बंद करायला सांगितलं, आणि नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दंड घ्यायचा तर तो वेगळा 'आकार' म्हणून घ्यायचा, वाजवी असला पाहिजे, आणि त्या दंडावर व्याज चढवायचं नाही. खातेउतारा मागून घ्या आणि दंडाचा रकाना बघा. आकडे कळत नसले तर दहावी झालेल्या लेकीला बसवा शेजारी.

हिशेबाचंही थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता येतो ८,९९७ रुपये. पहिल्या महिन्याला त्यातले ७,५०० रुपये नुसते व्याजाचे असतात आणि मुद्दलात जमा होतात १,४९७. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, म्हणजे सव्वातीन लाखांच्या जवळपास, तर मुद्दल उतरतं फक्त ६१-६२ हजारांनी. म्हणून कुणी म्हणते, 'इतकी वर्षं भरतेय, आता उरलंच किती असेल,' तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळंच उरलेलं असतं.

कोरोनाच्या वेळचं आठवतं का? २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं, तीन महिने हप्ता नाही भरला तरी चालेल. मग ती सवलत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आपल्याकडे पुष्कळांना वाटलं, सहा हप्ते माफ झाले. माफ काहीच झालं नव्हतं, पुढे ढकललं होतं. व्याज चालूच होतं. मघाशी सांगितलेलं दहा लाखांचं कर्ज अगदी नवं असेल, सहा हप्ते थांबवले आणि हप्त्याची रक्कम तीच ठेवली, तर पुढे २४० च्या जागी २७५ हप्ते भरावे लागतात. सहा टाळले, पस्तीस वाढले. नंतर सरकारने व्याजावरचं व्याज परत दिलं खरं, पण दहा लाखांमागे ती रक्कम साडेआठशेच्या आसपास होती, मूळ व्याज तसंच राहिलं. सवलत घेऊ नये असं मी म्हणत नाही. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत होती त्यांनी घेतली तेच बरोबर केलं. पण ज्यांच्याकडे पैसे होते, त्यांनीही 'मिळतंय तर घ्या' म्हणून घेतली. आताही बँक मुदत वाढवून देते म्हणाली की विचारायचं, 'साहेब, हप्ते किती वाढणार ते लिहून द्या.'

हप्ता चुकल्यावर पहिल्यांदा फोन येतो. मग माणूस येतो. त्या माणसाने कसं वागायचं याचे नियम आहेत आणि ते आपल्याला पाठ असले पाहिजेत. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या साध्या कर्जासाठी वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला त्याहून कडक नियम आहे, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर नाही. शिवीगाळ, धमकी, सारखे सारखे फोन, नातेवाइकांना नाहीतर कामावरच्या लोकांना त्रास देणं, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर लावणं, हे सगळं मना आहे. मायक्रोफायनान्सची वसुली ठरलेल्या जागीच करायची. सलग दोनदा किंवा जास्त वेळा तुम्ही त्या जागी गेला नाहीत, तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. रात्री आठ वाजता ओट्यावर येऊन बसायचं, 'पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही' म्हणायचं, हे कोणत्याच नियमात बसत नाही. त्याचं ओळखपत्र मागा, वेळ लिहून ठेवा, शेजारणीला बोलवा. धमकी असेल तर ११२ ला फोन करा, नाहीतर महाळुंगे एमआयडीसी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गुंड लावून वसुली करणं चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावलेलं आहे.

मायक्रोफायनान्सचं आणखी थोडं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं हे बिनतारण कर्ज असतं. बिनतारण म्हणजे त्यासाठी घराचा उतारा, सोनं, गॅसची शेगडी, काहीच ठेवून घेता येत नाही. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा, सगळ्या कर्जावर नाही. आणि लवकर फेडलं तर दंड नाही. आपल्याकडे होतं काय, एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचं. शेजारच्या आंध्र प्रदेशात २०१० साली हेच एवढं वाढलं की सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि नंतर देशभराचे नियम बदलले. चौथं कर्ज घेऊन पहिल्याचा हप्ता भरणं म्हणजे हप्ता भरणं नव्हे. त्यापेक्षा सरळ जाऊन 'या महिन्यात निम्माच आहे' सांगितलेलं परवडतं.

एकत्र हमीच्या गटात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या चौघींना बसवून ठेवतात. त्यात मैत्री तुटते, जावा-जावांचं बोलणं बंद होतं. हमी दिली असेल तर देणं लागतं, हे खरं. पण कुणाला घरी जाऊ न देणं हा हमीचा भाग नाही. आपल्या बचत गटाची गोष्ट थोडी निराळी. गटाच्या नावे बँकेचं कर्ज असतं आणि वेळेवर फेड असेल तर व्याजात सवलत मिळते. गट थकला की सगळ्यांचीच सवलत जाते. आपल्या खेड तालुक्यात बचत गटांची चळवळ जुनी आहे, राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेने तिला हात दिला. त्या जुन्या गटांतल्या बाया आधी विचारतात, 'का राहिला हप्ता?' आजारपण असेल तर गट अंतर्गत बचतीतून भागवतो आणि बँकेचा हप्ता चुकू देत नाही. मला ही रीत कोणत्याही कंपनीच्या वसुलीपेक्षा शहाणपणाची वाटते.

आता सगळ्यात भीतीची गोष्ट. घर जातं का?

घर तारण असेल तर जाऊ शकतं. पण एका रात्रीत जात नाही, आणि वाटेत थांबायची ठिकाणं आहेत. २००२ साली सरफेसी नावाचा कायदा आला. त्याने बँकांना कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार दिला. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लागू होतो. त्यामुळे आपली सहकारी बँक असली तरी मार्ग हाच.

आधी खातं एन.पी.ए. व्हावं लागतं. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. त्यात फक्त थकलेले हप्ते नसतात, सगळं कर्ज मागितलेलं असतं. तो आकडा बघून बाया हबकतात आणि नोटीस देवघराच्या मागे सरकवतात. तसं करू नका. त्या नोटिशीला लेखी उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क आहे. हिशेब चुकलाय, भरलेले हप्ते धरले नाहीत, अडचण अशी आहे, थकबाकी भरायला इतका वेळ द्या, जे असेल ते लिहा. बँकेला १५ दिवसांत त्याचं कारणांसहित उत्तर द्यावंच लागतं. साठ दिवस गेले की ताबा. पहिल्यांदा कागदोपत्री ताबा घेतात, म्हणजे दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. बाहेर काढून कुलूप लावायचं असेल तर सहसा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणून पोलीस बंदोबस्तात येतात. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ते पुण्यातच आहे. त्यानंतर मालमत्तेचं मूल्यांकन, किमान किंमत, आणि लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस. लिलावाची जाहिरात येण्याआधी सगळं येणं खर्चासहित भरलं तर बँकेला लिलाव करता येत नाही. जाहिरात आल्यावर मात्र हा हक्क राहत नाही. ही ओळ दोनदा वाचा.

लिलावात कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे पैसे तुमचे असतात, ते मागून घ्यायचे. कमी आले तर उरलेलं देणं तुमच्यावर राहतंच. म्हणून लिलावाला घर जाऊ देण्यापेक्षा बँकेला सांगून, तिच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक बघून विकलेलं पुष्कळदा चांगलं पडतं. चार खोल्यांपैकी दोन विकून दोन वाचल्या, तर वाचल्या.

शेतजमीन या सरफेसी कायद्याच्या बाहेर आहे. एक लाखापर्यंतचं तारणही बाहेर आहे, आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी देणं उरलं असेल तरीही हा कायदा वापरता येत नाही. पण आपल्या पट्ट्यात लक्षात ठेवायचं ते हे, की जमीन एन.ए. करून त्यावर खोल्या, शेड, गोडाऊन बांधलं की ती शेतजमीन उरत नाही. सातबाऱ्यावर अजोबांचं नाव आहे म्हणून संरक्षण मिळत नाही.

आणि पतसंस्था किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर शेतजमिनीलाही वेगळी वाट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, त्याचं कलम १०१. संस्था सहायक निबंधकाकडे अर्ज करते, आपल्याला नोटीस येते, सुनावणी होते आणि 'वसुली दाखला' निघतो. आपल्याकडे त्याला '१०१ झाली' म्हणतात. हा दाखला हातात आला की वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो, दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. सुनावणीच्या तारखेला जा. एवढं एक केलं तरी पुष्कळ. व्याज जास्त लावलंय, पावत्या जमा धरल्या नाहीत, सही माझी नाही, हे सांगायची जागा तीच. तिथे गैरहजर राहिलात आणि दाखला निघाला, तर त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला दाखल्यातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. थकलेल्या माणसाकडे निम्मी रक्कम कुठून यायची?

जामीनदाराची गत ऐका. 'नुसती सही आहे वहिनी, नावाला,' असं म्हणून सही घेतात. कायद्यात नावाला सही असं काही नसतं. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची, आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असंही म्हणता येत नाही. कामगारांच्या पतसंस्थेत तर जामीनदाराच्या पगारातून परस्पर कपात होते. भावाला जामीन राहिलेल्या बहिणीच्या घरात काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मी बघून आहे, जास्त सांगत नाही.

मालक वारले आणि कर्ज मागे राहिलं, हा प्रश्न बायका फार विचारतात. तुमची सहकर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर नवऱ्याचं कर्ज तुमच्या स्वतःच्या कमाईतून, तुमच्या स्त्रीधनातून मागता येत नाही. नवऱ्याकडून वारशाने जे आलं, तेवढ्यापुरतंच देणं. घर तारण असेल तर त्यावरचं कर्ज मात्र घराबरोबर येतं. आणि कुणी काही मागायच्या आधी एक विचारायचं, कर्जाचा विमा काढला होता का? घरकर्ज, गाडीचं कर्ज, मायक्रोफायनान्स, पुष्कळ कर्जांत विम्याचा हप्ता आधीच कापून घेतलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. मंजुरीपत्र काढा, त्यात 'विमा' शब्द शोधा. असेल तर मृत्यूचा दाखला जोडून लेखी दावा करा आणि पोच घ्या. दशक्रियेच्या आत वसुलीवाला येऊन सुनेचा अंगठा नव्या कागदावर घेतो, असं होऊ देऊ नका. त्या तेरा दिवसांत कशावरही सही करायची नाही.

जेलमध्ये टाकतात का? नुसतं कर्ज थकलं म्हणून नाही. तो दिवाणी मामला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये तर सरळ लिहिलंय की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला अटक करता येत नाही. कलम ६० मध्ये काय काय जप्त करता येत नाही ते दिलंय. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाई अंगावरून उतरवत नाही ते दागिने. म्हणजे मंगळसूत्र जप्त होत नाही. मात्र तेच मंगळसूत्र तुम्ही स्वतः सोनेतारणाला ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नोटीस देऊन लिलाव होतो, आणि वर उरलेले पैसे तुम्हाला परत मिळायला हवेत.

फौजदारी होते ती चेकमुळे. कर्ज घेताना सही केलेले कोरे चेक देता ना, ते. चेक परत गेला की ३० दिवसांत नोटीस पाठवतात. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर कोर्टात तक्रार होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड चेकच्या दुपटीपर्यंत असू शकतो. आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी असाच खटला भरता येतो. कोर्टाचं समन्स आलं तर तारीख चुकवायची नाही. गैरहजर राहिल्याने वॉरंट निघतं, कर्जाने नाही.

गाडीचं थोडक्यात सांगते. टेम्पोवर कंपनीचा बोजा असतो, आणि करारात गाडी ओढून न्यायची अट असते. तरी आधी नोटीस, भरायची संधी आणि विकण्यापूर्वी शेवटची मुदत द्यावी लागते. रस्त्यात अडवून चावी हिसकावणारा माणूस यातलं काही देत नाही. गाडी नेलीच तर आतल्या सामानाची यादी आणि ताबा घेतल्याचा कागद मागा.

आता सावकार. १२ मे १८७५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून गहाणखतं आणि रोखे बाहेर काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता, कारण त्या कागदात काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं आणि जमीन त्याच कागदाने जात होती. पुढे १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला; कोर्टाने नुसता रोखा न बघता आधीचा सगळा व्यवहार तपासावा आणि सावकाराने पावती द्यावी, असं त्यात आलं.

दीडशे वर्षं झाली, पण जमिनीचे भाव चढल्यापासून आपल्या पट्ट्यात तोच खेळ नव्या नावाने चालतो. सावकार गहाणखत करत नाही, खरेदीखत करून घेतो. 'विश्वासाचं आहे ताई, पैसे दिले की परत लिहून देतो.' परत द्यायची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर कायद्याच्या नजरेत ते गहाण नाही, सरळ विक्री आहे. वेगळ्या कागदावर, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं असेल तर त्याने ते गहाण ठरत नाही. हे लक्षात न आल्याने गुंठे गेले आहेत. यातून एक वाट आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ सालचा आहे. परवाना नसलेला सावकार गुन्हेगार ठरतो, आणि सावकारीत गेलेली जमीन, खरेदीखत झालेलं असलं तरी, जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देण्याचा आदेश काढू शकतात. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो. पुरावा म्हणून काय चालतं? व्याज भरल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरून पाठवलेले पैसे, साक्षीदार, आणि जमिनीचा ताबा अजून तुमच्याकडेच असणं. म्हणून सावकाराला रोख देऊ नका, खात्यातून द्या.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला मी सावकारापेक्षाही वाईट समजते. सावकार निदान गावातला असतो. ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर उचलतं आणि तुमचा फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवायची धमकी देतं. तसं झालं तर पैसे भरत बसू नका, १९३० या नंबरवर तक्रार करा.

मग पहिला हप्ता चुकणार असं दिसलं की काय करायचं? तारखेच्या आधी शाखेत जायचं. एका पानावर साधा मराठीत अर्ज लिहायचा, अमुक कारणाने उत्पन्न कमी झालंय, इतके महिने अडचण आहे, इतकी रक्कम भरू शकते. हप्त्याची तारीख पगाराच्या पुढे न्या, मुदत वाढवा, काही महिने नुसतं व्याज घ्या, यातलं जे हवं ते मागायचं. देतीलच असं नाही. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या, ती पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडते. एकरकमी तडजोड करणार असाल तर एक माहीत असू द्या. सिबिलच्या नोंदीत तडजोडीने मिटलेलं कर्ज 'सेटल्ड' म्हणून दिसतं, पूर्ण फेडलेलं 'क्लोज्ड' म्हणून, आणि पुढचं कर्ज देणारा हा फरक बघतो. तुमची नोंद वर्षातून एकदा फुकट बघता येते.

बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ऐकलं नाही, तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. राजगुरुनगरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा, नाहीतर १५१०० ला फोन करा. लोकअदालतीत बँका पुष्कळ सोडून देतात, पण तिथे झालेली तडजोड मग बदलता येत नाही, म्हणून झेपेल तेवढंच कबूल करायचं.

शेवटी, ज्यांचं फिटलंय त्यांच्यासाठी. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कागद घेतानाच 'येणे बाकी नाही' असा दाखला घ्या. गाडी असेल तर आरटीओचा ३५ नंबरचा फॉर्म घ्या आणि आरसी बुकावरचं कंपनीचं नाव काढून टाका. जमिनीवर बोजा असेल तर तो दाखला तलाठी भाऊसाहेबांकडे देऊन फेरफार करून घ्या, आणि पंधरा-वीस दिवसांनी नवा सातबारा काढून 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचं नाव अजून दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर परत जा.